गोळ्यांची बॅग सोडून आहाराचा सल्ला द्यायचाय

पत्र

मी ४१ वर्षांचा, जन्मापासून नागपूरचा. केमिस्ट्रीत बीएस्सी करून औषध कंपनीत लागलो आणि सोळा वर्षांपासून एमआर (डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी) म्हणून बॅग उचलतोय. धंतोली, रामदासपेठ, सक्करदरा, मानेवाडा हा माझा भाग. काम मुख्यतः शुगर-बीपीच्या गोळ्यांचं. तीन वर्षांपूर्वी सहज तपासलं तर माझंच एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ६.३ निघालं. घाबरलो. जेवण बदललं, अंबाझरीला रोज चालायला लागलो, ११ किलो वजन उतरलं. आता ५.५ आहे. तेव्हापासून लोक विचारायला लागले. मी तीन महिन्यांचा ऑनलाइन न्यूट्रिशन कोर्स केला, प्रमाणपत्र मिळालं. ओळखीच्या वीस-बावीस जणांना फुकट चार्ट करून दिले, बहुतेकांचं वजन कमी झालं. आता मार्चची क्लोजिंग करून राजीनामा द्यावा आणि धंतोलीत गाळा घेऊन डाएट क्लिनिक टाकावं असं मनात आहे. दोन डॉक्टर पेशंट पाठवायला तयार आहेत. एक जण म्हणाले, "आपलं काय ते ठरवून घेऊ." एक मित्र शेक-पावडरच्या साखळीत आहे, तो म्हणतो त्यातूनच भाडं निघेल. बायको खासगी शाळेत शिकवते, तिला २८ हजार मिळतात. बेसाच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. बायको याला वेडेपणा म्हणते. तुम्ही काय म्हणता?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमच्या बायकोशी मी अर्धी सहमत आहे. मार्चचा राजीनामा मलाही घाईचा वाटतो. आहाराच्या कामात उतरण्याला मात्र मी वेडेपणा म्हणणार नाही. सोळा वर्षं उन्हातान्हात चेंबरबाहेर बसून ज्याने माणसं जोडली, त्याच्याकडे या कामाला लागणारी एक मोठी गोष्ट आधीच आहे. ती कोणती, ते पुढे सांगते.

गाळा, भाडं, डॉक्टर, शेक या सगळ्याचा तुम्ही विचार केलाय. पण हे सगळं ज्यावर अडून आहे ते ठरलेलं दिसत नाही. तुम्हाला आजारी माणसाचं जेवण ठरवायचंय की निरोगी माणसाचं? शुगर, किडनी, लिव्हर, कॅन्सर, गरोदरपणातली शुगर हे एक काम. वजन, ऑफिसचा डबा, शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची जेवणाची वेळ, भाजीला हात न लावणारी पोरं, जिमला जाणारा तरुण हे दुसरं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे माणूस समोर बसतो आणि आपण त्याला काय खायचं ते सांगतो. पण त्यांचं शिक्षण वेगळं, कायदा वेगळा आणि जोखीम तर फारच वेगळी.

तुमचा ओढा पहिल्याकडे आहे, हे पत्रावरूनच कळतं. धंतोलीचा गाळा कोणी सोसायटीतल्या वजनवाल्यांसाठी घेत नाही.

म्हणून तुमच्याच बॅगेतल्या गोळ्यांचं बोलू. शुगरची ग्लिमेपिराइड घेणाऱ्या साठीच्या गृहस्थांना तुम्ही उत्साहाने सांगितलं की भात बंद, रात्रीची पोळी बंद. गोळीला ते ठाऊक नाही. ती ठरल्याप्रमाणे इन्सुलिन बाहेर काढत राहणार आणि हे गृहस्थ पहाटे घामाघूम होऊन बाथरूमच्या दारात कोसळणार. शुगरचीच दुसरी गोळी, डापाग्लिफ्लोझिन, घेणाऱ्याला कडक लो-कार्ब किंवा कीटो दिलं, तर शुगरचा आकडा फार चढलेला नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात घातक आम्ल साठणं, होऊ शकतो, आणि तिथे ग्लुकोमीटर बघून कुणाच्याच लक्षात येत नाही. बीपीची टेल्मिसार्टन चालू असलेल्या, किडनी थोडी मंदावलेल्या बाईला "मीठ कमी करा, लो-सोडियम मीठ आणा" हा सल्ला तर किती निष्पाप वाटतो! त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. गोळीही पोटॅशियम वाढवते, किडनी ते नीट बाहेर टाकत नाही, आणि पोटॅशियम चढलं की प्रश्न थेट हृदयाच्या ठोक्यांचा होतो. आपल्या शहराचं भूषण असलेला संत्र्याचा रससुद्धा किडनीच्या रुग्णाला विचार करूनच द्यावा लागतो, तो याच पोटॅशियमपायी.

या गोळ्यांचे दुष्परिणाम तुम्हाला पाठ आहेत, कारण ते सांगणं तुमचं कामच होतं. पण औषधाचं माहितीपत्रक पाठ असणं आणि समोरच्या माणसाचं क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), वय, जेवण आणि चार गोळ्या एकत्र मांडून काय द्यायचं, काय टाळायचं हे ठरवणं यात बरंच अंतर आहे. तीन महिन्यांच्या व्हिडिओ कोर्सने ते अंतर कापलं जात नाही. त्या कोर्सला मी नावं ठेवत नाही. स्वतःपुरतं कळायला तो चांगलाच असेल.

विदर्भातली आणखी एक गोष्ट. हिमोग्लोबिन ९ आलंय म्हणून एखादी तरुण मुलगी तुमच्याकडे येईल. कोणताही तयार चार्ट सांगेल, पालक, बीट, गूळ-शेंगदाणे आणि लोहाची गोळी. पण आपला हा सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, पट्टा आहे. सिकलसेलच्या ज्या रुग्णाला वरचेवर रक्त द्यावं लागतं, त्याच्या शरीरात लोह आधीच साठत असतं. थॅलेसेमिया मायनर या रक्ताच्या आनुवंशिक दोषातही रिपोर्ट लोहाच्या कमतरतेसारखा दिसतो, आणि लोह देऊन उपयोग होत नाही. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं, आणि साधी प्राथमिक चाचणी सरकारी दवाखान्यात होते. "आधी ती चाचणी करा, मग बोलू" हे वाक्य नागपुरात आहाराचं काम करणाऱ्याच्या तोंडी असायलाच हवं. बाहेरगावी बनलेल्या ऑनलाइन कोर्समध्ये ते शिकवतीलच असं नाही.

आता कायदा. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ (डाएटिशियन) आणि न्यूट्रिशनिस्ट आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची, तीन ते सहा वर्षांत पूर्ण होणारी पदवी हवी असं त्यात लिहिलंय, आणि राज्य परिषदांकडे नोंदणीची तरतूदही आहे. त्याआधीपासून इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'रजिस्टर्ड डाएटिशियन' ही ओळख आहे. ही संस्था १९६३ ची. तिची परीक्षा देण्याआधी आहारशास्त्रातलं पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातली इंटर्नशिप लागते. तुमचं प्रमाणपत्र यातल्या कुठल्याच दारातून आत जात नाही.

मग शिकता येईल का? येईल, पण एक रस्ता नुकताच बंद झालाय आणि तो माहीत असू द्या. नोकरी करता करता इग्नूसारख्या दूरस्थ शिक्षणातून आहारशास्त्र करणारे पुष्कळ होते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्ये आदेश काढून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम, ज्यात अन्न व पोषणही आलं, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई केली. तेव्हा "घरबसल्या एमएस्सी डायटेटिक्स" अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर जाऊन बघा. नागपुरात होम सायन्स म्हटलं की सगळ्यांना शंकरनगरचं एलएडी आठवतं, पण ते मुलींचं कॉलेज. तुम्हाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या होम सायन्स विभागात चौकशी करावी लागेल. सोबत बीएस्सीची मार्कशीट न्या आणि केमिस्ट्रीच्या पदवीवर प्रवेश मिळतो का, ते लेखी विचारा. बाहेरच्या विद्यापीठांच्या अटी वेगवेगळ्या असतात, त्याही एकेक करून बघा. प्रवेश मिळालाच तर किमान दोन वर्षं दिवसाचं कॉलेज, मग रुग्णालयातली इंटर्नशिप. म्हणजे तेवढा काळ पगार नाही. २८ हजारांत, हप्ता भरून, दोन मुलांच्या फीसह. शक्य आहे का, हे घरच्या वहीत मांडा. ते गणित तुमच्या दोघांशिवाय कुणालाच येणार नाही.

माझं मत विचाराल तर दुसरा रस्ता घ्या, निरोगी माणसांचा. आणि आजारी माणसांसाठी एखाद्या पदवीधर आहारतज्ज्ञाला भागीदार करून घ्या.

हा सल्ला तडजोडीचा वाटेल, पण माझ्या मते तो जास्त फायद्याचा आहे. या विषयात शिकून तयार झालेल्या मुली शहरात आहेत. त्यांना रिपोर्ट वाचता येतो, किडनीचा चार्ट करता येतो. अनेकींची अडचण अशी की माणूस दुसऱ्यांदा परत येत नाही. तिसऱ्या आठवड्यात फोन उचलणं बंद करतो. आणि वर जे मी राखून ठेवलं होतं ते हेच: न चिडता, न लाजता, अकराव्यांदा त्याच दारात उभं राहणं तुम्हाला येतं. "डॉक्टर बिझी आहेत" ऐकून बाहेरच्या बाकावर तासभर बसलेला माणूस, "सर, या आठवड्यात नाही जमलं" ऐकून खचत नाही. आहाराच्या धंद्याचा कणा हाच पाठपुरावा आहे. तपासणी, प्लॅन आणि त्याखालची सही तिची. नोंदणी, आठवड्याचा फोन, घरातली अडचण समजून घेणं तुमचं. पैशांची विभागणी लेखी करा, आणि ज्याला गोळ्या चालू आहेत असा प्रत्येक माणूस आधी तिच्यासमोर बसेल हेही लेखी करा.

चार्ट हा या धंद्यातला सगळ्यात स्वस्त माल आहे. मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतो. पैसे मिळतात ते विचारण्याचे. समजा नंदनवनच्या एक बाई तुमच्यासमोर बसल्या आहेत आणि म्हणतात, "आमच्याकडं तेल कमीच लागते जी." वाद घालू नका. पाच लिटरचा डबा कधी आणला होता, विचारा. घरात जेवणारे किती, विचारा. चौघं आहेत आणि डबा महिनाभर पुरतो, असं कळलं. पाच लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो. चौघांत तीस दिवस वाटलं की माणशी रोजचं ३८ ग्रॅम होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींचं जे ताट सुचवलंय त्यात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम बसतं. आता त्या बाई स्वतःच म्हणतील, अहो पण त्यात पाहुण्यांचं तळणही आलं. आलं असेल. आणि रविवारच्या तर्री-पोह्याचं, सावजीच्या रश्शाचं तेल त्या डब्यात आलंच नाही, तेही मग त्यांनाच आठवेल. हा संवाद व्हायला दहा मिनिटं लागतात, आणि चार्टवर लिहिलेल्या "तेल : ३ चमचे" यापेक्षा तो जास्त दिवस टिकतो.

प्रोटीनचंही तसंच. याच संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलंय. ६० किलोच्या बाईला ५० ग्रॅम झाले. तीस ग्रॅम कच्ची तूरडाळ शिजवली की त्यातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतं. पण आपल्याकडच्या पातळ वरणाच्या वाटीत तेवढी डाळ असते का? घरी जाऊन मोजायला सांगा. त्या मोजतील, चकित होतील, आणि तुम्हाला फोन करतील. तिथून पुढे पिठलं, मोड आलेली मटकी, दही, अंडी यांचं बोलणं आपोआप सुरू होतं. या संस्थेची २०२४ ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं, एकूण १७, फुकट वाचायला मिळतात. तुमच्या कोर्सच्या नोट्सपेक्षा ती आधी वाचा.

आणि चार्टमधून ओट्स, किनोआ, ब्रोकोली काढून टाका. बुटीबोरीला तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाला "सकाळी आठ वाजता नाश्ता" लिहून दिलंत तर तो हसेल, कारण रात्रपाळीला तो आठ वाजता घरी येऊन झोपतो. त्याच्या घरी ज्वारी आहे, जवसाची चटणी आहे, सांबार (कोथिंबीर) घातलेलं वरण आहे, उन्हाळ्यात पन्हं आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की भूकच मरते आणि लोक दिवसभर थंड पेयांवर काढतात, तेव्हा काय सांगाल याची तयारी एप्रिलमध्येच हवी. तशीच भाद्रपदात महालक्ष्म्यांची. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी समोर असताना "डाएट" हा शब्द काढणाऱ्याला घरात कुणी उभं करत नाही. तो आठवडा प्लॅनमध्ये आधीच मोकळा सोडणारा माणूस टिकतो.

तुमच्या त्या वीस-बावीस जणांबद्दल. फुकटात, ओळखीत, पहिल्या तीन महिन्यांत वजन उतरणं यावर अजून फार विसंबू नका. त्यांना आजच फोन करा आणि आजचं वजन विचारा. किती जणांचं तेवढंच आहे, किती जणांचं परत चढलं, आणि ज्यांनी मध्येच सोडलं त्यांनी नेमकं कशापायी सोडलं, हे लिहून काढा. कोर्सच्या प्रमाणपत्रापेक्षा हा कागद तुमच्या जास्त कामाचा आहे.

पैशांचं. आकडे मी मनाने धरतेय, तुम्ही तुमचे घाला. समजा घरी ५० हजार द्यायचे आणि फोन, प्रवास, जागा यांचा खर्च १५ हजार; भागीदाराचा वाटा यात धरलेला नाही. तीन महिन्यांचं पॅकेज ४,५०० रुपयांचं धरलं तर एका माणसाकडून महिन्याला दीड हजार. म्हणजे कोणत्याही महिन्यात ४३-४४ पैसे भरणारी माणसं चालू हवीत. दर आठवड्याला प्रत्येकाशी वीस मिनिटं बोलायचं तर आठवड्याचे साडेचौदा तास नुसते बोलण्यात, व्हॉट्सअॅपवरचे ताटाचे फोटो वेगळे. आणि पॅकेज तिमाही असल्यामुळे दर महिन्याला चौदा-पंधरा नवी किंवा परत भरणारी माणसं हवीत. टार्गेटला कंटाळून निघालात ना? ते तुमच्यासोबतच येतंय, फक्त एएसएम (वरचा एरिया मॅनेजर) नसेल.

म्हणून धंतोलीचा गाळा नको. तिथली पार्किंगची कटकट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पहिलं वर्ष बेसा-मनीषनगरच्या एखाद्या जिममध्ये किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी बसा, बाकी व्हिडिओ कॉलवर. दारावर "क्लिनिक" लिहू नका आणि नावापुढे "डाएटिशियन" लावू नका, तो मान भागीदाराचा. "आहार मार्गदर्शन" पुरेसं आहे. शॉप अॅक्टची ऑनलाइन नोंद, स्वतंत्र व्यवसायासाठी वर्षाला अडीच हजारांचा व्यवसाय कर, उद्यमची मोफत नोंदणी, एवढं सीए एका बैठकीत करून देईल. जीएसटीचा विचार २० लाखांच्या उलाढालीला.

जाहिरातीत स्वतःची गोष्ट सांगाल, सांगाच. पण ६.३ म्हणजे मधुमेह नव्हे, मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था. मधुमेहाचं निदान ६.५ पासून. त्यामुळे "मी मधुमेहावर मात केली" असं बोर्डावर लिहिलंत तर ते खोटं होईल, आणि तुमच्याच ओळखीचा एखादा फिजिशियन ते चारचौघांत सांगेल.

डॉक्टरांच्या "ठरवून घेऊ" बद्दल जास्त लिहायची गरज नाही, कारण त्याचा अर्थ तुम्हाला माझ्याआधी कळलाय. रुग्ण पाठवल्याबद्दल कट घेणं डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेनेच बंद आहे. मार्च २०२४ मध्ये औषध कंपन्यांसाठीही नवी संहिता आली, तिचं ट्रेनिंग तुम्हाला झालंच असेल. नम्रपणे नाही म्हणा. त्याऐवजी दुसऱ्या डॉक्टरांना, ज्यांनी काही मागितलं नाही त्यांना, दर महिन्याला एक पानी पत्र द्या: या रुग्णाचं वजन इतकं होतं, इतकं झालं, जेवणात हे बदललं, दोनदा घाम सुटून हातपाय थरथरले असं सांगतात, गोळीचा डोस बघावा ही विनंती. खाली आहारतज्ज्ञाची सही. गोळ्या बंद करणाऱ्या डाएटवाल्यांनी डॉक्टर वैतागलेले असतात. असं पत्र येतं म्हटल्यावर ते स्वतःहून रुग्ण पाठवतील, निदान सोळा वर्षांच्या ओळखीतले दोन-चार तरी.

शेकची साखळी तर अजिबात नको. थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड योजना बेकायदा ठरवल्या आहेतच, पण ते राहू द्या. आधीच तुम्ही औषध कंपनीतून आलेले. समोरच्याच्या मनात "हा आता काय विकतोय?" हा प्रश्न बसल्या बसल्या उठणार. टेबलावर एकही डबा नसेल तर तो प्रश्न दुसऱ्या भेटीपर्यंत विरतो.

आता राजीनामा. येत्या मार्चमध्ये नाही. आधी नियुक्तीपत्र काढून बघा. नोकरीत असताना दुसरा व्यवसाय करायला बहुतेक कंपन्यांची मनाई असते. शिवाय ज्या डॉक्टरांकडे तुम्ही कंपनीतर्फे जाता त्यांच्याच रुग्णांकडून फी घेणं हा सरळ हितसंबंधांचा घोळ आहे. बायकोच्या नावाने सुरू करा असं कुणीतरी सुचवेलच. तिच्याही शाळेचे नियम असतील, तिला यात ओढू नका. नोकरी सुटेपर्यंत पैसे न घेता शिका: भागीदार शोधा, तिच्याजवळ बसून रिपोर्ट कसा वाचते ते बघा, त्या वीस-बावीस जणांचा हिशेब पुरा करा. हप्ता, फी आणि किराणा मिळून बारा महिन्यांचा खर्च बाजूला पडला की तारीख ठरवा. पीएफला हात लावू नका, ग्रॅच्युइटी किती बसते ते एचआरकडून लेखी घ्या. गृहकर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं किंवा वाढवून घ्यायचं असेल तर पगाराच्या स्लिपा हातात आहेत तोवरच. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला बँक आधी दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते.

बायकोला हे सगळं माझं म्हणून सांगू नका. तिच्यासमोर वही ठेवा आणि बारा महिन्यांचे आकडे तिच्याच हाताने लिहू द्या. ती कुठे अडते ते तुम्हाला कळेल, आणि ती जिथे अडेल तिथे खरोखरच भोक असण्याची शक्यता बरीच.

एक राहिलंच, आरोग्य विमा. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण त्याची चौकशी आणि अर्ज नोकरीत असतानाच करा. फॉर्ममध्ये ते ६.३ लपवू नका. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आणि ग्रुप पॉलिसीत काढलेली वर्षं त्यात धरली जातात का, हे एजंटला तोंडी विचारू नका. विमा कंपनीकडून ईमेलवर घ्या.